शब्दचर्चा : ‘क्रॉस’, ‘हाफ’, ‘अक्करमाशी’ – मग म्हणायचं तरी काय?

खानापूरची सून

नमस्कार. दोन-तीन शब्दांबद्दल विचारायचं आहे.

माझी नणंद इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिचे यजमान तिथलेच, त्यांचे आईवडील जमैकातून तिकडं गेलेले. मुलगा नऊ वर्षांचा. या मे महिन्यात आजीकडं आला होता, तेव्हा वडगावात एका साखरपुड्याला आम्ही सगळे गेलो. तिथं नात्यातल्या एका काकूंनी त्याच्या कुरळ्या केसांत बोटं घातली, दंड दाबून बघितला आणि कौतुकानं म्हणाल्या, “क्रॉस हाय की, म्हणूनशान कसा दणकट निघालाय बघा.” मागून कुणीतरी “हाफ हबशी” म्हणालं. सगळे हसले. पोराला मराठी समजतं, बोलताना अडखळतो एवढंच. घरी येताना रिक्षात मला म्हणाला, “मामी, मी क्रॉस नव्हतो. काकू असं का म्हणाल्या?” त्याच्या इंग्रजीत क्रॉस म्हणजे रागावलेला.

मला उत्तर देता आलं नाही. सासूबाई म्हणतात, चांगल्या मनानं बोलल्या त्या, मनावर घेऊ नको. पण मला ते टोचलं ते टोचलंच. तर हे शब्द आले कुठून? कुठले नुसते जुने, कुठले सरळ शिवी? आणि सांगायची वेळ आलीच तर मराठीत काय म्हणावं?

शहापूरकर

ताई, ‘क्रॉस’ आपल्या बोलण्यात आला तो गोठ्यातून. कृत्रिम रेतनाची सोय गावोगाव झाली, देशी गाईंना जर्सी आणि होल्स्टीनची कालवडं व्हायला लागली, त्यांना ‘क्रॉस’ म्हणायची पद्धत पडली. चिकोडी-निपाणीकडच्या जनावरांच्या बाजारात “ही गावठी, ही क्रॉस” असंच सांगतात. कुत्र्यांच्या बाबतीतही तेच. दूध जास्त, हाड मोठं, म्हणजे तो तारीफेचा शब्द आहे. म्हणून काकूंच्या मनात वाईट नव्हतं हे मला पटतं. पण त्यांनी पोराचा दंड दाबून बघितला, हे तुम्ही लिहिलंत ना? साखरपुड्याला आलेल्या दुसऱ्या कुठल्या मुलाचा दंड कुणी असा चाचपला नसणार. जनावराचा शब्द तोंडात आला की हातही जनावर पारखायला लागतो.

आता जुने शब्द. इथं जरा थांबून बघायला हवं, कारण मिश्र घरातल्या माणसासाठी मराठीत जे शब्द आहेत ते जवळपास सगळे माप काढणारे आहेत. ‘अक्करमाशी’ घ्या. बारा माशांचा एक तोळा. अकराच मासे भरले तर सोनं कमी, हिणकस. लग्नाबाहेरच्या, त्यातही बहुतेक वेळा वरच्या जातीचा बाप आणि खालची मानलेल्या जातीतली आई, अशा संबंधातून झालेल्या लेकराला हा शब्द लावला गेला. ‘कमअस्सल’ त्याच घरातला. ‘लेकावळा’ म्हणजे दासीपोटी झालेला. काही घराण्यांत ‘गोड’ आणि ‘कडू’ अशी वाटणी होती. लग्नाच्या बायकोची संतती गोड, बाकीची कडू. यातल्या एकाही शब्दाचा बोट बापाकडं जात नाही. वाडा बापाचा, हौस बापाची, आणि उणा मासा लेकराच्या नावावर. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली आपल्या आत्मकथनाला ‘अक्करमाशी’ हेच नाव दिलं, तेव्हा त्या शब्दाचं ओझं कुणाच्या पाठीवर असतं ते मराठी वाचकाला पहिल्यांदा नीट दिसलं. पण म्हणून तो शब्द तुम्ही-आम्ही दुसऱ्याला लावायला मोकळे झालो असं नाही. स्वतःबद्दल तो उच्चारायचा हक्क ज्याच्या अंगावर तो फेकला गेला त्याचाच.

‘संकर’ तर त्याहून जुना. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या तोंडी “सङ्करो नरकायैव” आहे. वर्णसंकर झाला की कुळ नरकात. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात कुठल्या वर्णाचा बाप आणि कुठल्या वर्णाची आई मिळून कुठली जात होते याची यादीच्या यादी आहे, आणि त्या यादीत सगळ्यांत खाली ढकलला तो ब्राह्मण आईचा आणि शूद्र बापाचा मुलगा. शेतकी खात्याच्या कागदात संकरित वाण असू दे, संकरित गाय असू दे. माणसाला ‘संकरित’ म्हटलं की मागचं हे सगळं त्याच्यासोबत येतं.

निपाणीकर

शहापूरकर, तुमचं म्हणणं कळलं, पण थोडं जास्त होतंय असं वाटतं. आमच्याकडं ‘हायब्रीड’ हा शब्द रोज चालतो. ज्वारीचं हायब्रीड आलं तेव्हापासून आजोबा आम्हाला म्हणायचे, “तुमची हायब्रीड पिढी, दोन पोती उचलली की दम लागतो.” आम्ही काय रागावलो काय? गावाकडचा माणूस शेतातले शब्दच वापरणार. शब्दामागची भावना बघायची की नको?

शहापूरकर

बघायची. पण आजोबा “तुमची हायब्रीड पिढी” म्हणायचे तेव्हा सगळ्यांनाच म्हणायचे. तुम्ही त्यांचे नातू आहात की नाही, त्या घरचे आहात की नाही, याची शंका त्यात नव्हती. ताईंच्या भाच्याला जे म्हटलं ते पंगतीतल्या त्या एकट्यालाच म्हटलं. एक शब्द सगळ्यांना लागू होतो, दुसरा एकाला वेगळा काढतो. भावना चांगली असूनही वेगळं काढणं होतंच.

आणि हे फक्त आपल्याच भाषेचं दुखणं नाही. माणसाचं माप काढायचा हा नाद जगभर होता. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत ‘म्युलाटो’, ‘क्वाड्रून’, ‘ऑक्टोरून’ असे वेगळे गट होते. निम्मं काळं रक्त, पाव काळं रक्त, एक अष्टमांश काळं रक्त. यातला ‘म्युलाटो’ खेचरावरून आला असं बहुतेक कोश सांगतात, म्हणजे तिकडंही गोठाच. ब्रिटिश अमलात आपल्याकडं अँग्लो-इंडियन माणसाला मागून ‘आठ आणे’ म्हणायचे. सोळा आण्यांचा रुपया, हा आठ आण्यांचा. तिकडं अष्टमांश, इथं आणे आणि मासे. हिशेब एकच.

‘हाफ’बद्दल : इंग्रजीत ‘हाफ-कास्ट’ हा शब्द एके काळी राजरोस चालायचा. त्यातला ‘कास्ट’ म्हणजे पोर्तुगीज ‘कास्ता’, जो शब्द त्यांनी आपल्या जातींना लावला तोच. आज इंग्लंडमध्ये तो अपमानाचा शब्द मानतात. तिथल्या २००१ च्या जनगणनेत ‘मिक्स्ड’ असा वेगळा गट आला, आणि शाळा-दवाखान्यांत ‘मिक्स्ड रेस’ किंवा ‘मिक्स्ड हेरिटेज’ म्हणतात. म्हणजे तुमच्या भाच्याला त्याच्या शाळेत जे कुणी म्हणणार नाही ते त्याला आजोळी ऐकायला मिळालं. याचं मला फार वाईट वाटतं.

लोंढ्याचा

रेल्वेच्या अंगानं दोन गोष्टी घालतो. वडील रेल्वेत होते. लोंढा, कॅसलरॉक, हुबळी या पट्ट्यात अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड होते, त्यांची घरं कॉलनीत होती. जुनी माणसं त्यांना ‘फिरंग्याचं’ म्हणायची. आधी सरकारी शब्द ‘युरेशियन’ होता, १९११ पासून ‘अँग्लो-इंडियन’ अधिकृत झाला. राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमात त्याची व्याख्या आहे, आणि ती बापाकडून मोजते. बापाच्या बाजूचा कुणी पूर्वज युरोपीय असला पाहिजे. लोकसभेत त्यांच्यासाठी नेमणुकीच्या दोन जागा होत्या, त्या २०२० च्या जानेवारीत बंद झाल्या. तर या लोकांसाठी ‘अँग्लो-इंडियन’ हेच नाव. ते त्यांनी स्वतः मागून घेतलेलं आहे, त्याचं भाषांतर करायची गरज नाही.

दुसरं, ‘हबशी’. आपल्या खानापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी लोक राहतात, पलीकडं हल्याळ-यल्लापुरात त्याहून जास्त. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. त्यातले बरेच जण निसटून घाटावर आले. कोकणी बोलतात, कन्नड बोलतात, आपल्याशी मराठी बोलतात. हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत. कारवार जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातींत घेतलं, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना थांबावं लागलं २०२० पर्यंत. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले, त्या समाजातले पहिले आमदार. आणि अजून खानापूरच्या स्टँडवर सिद्दी पोराला लोक विचारतात, “कुठल्या देशाचा रे तू?” तो कन्नडमध्ये सांगतो, इथलाच. मी स्वतः ऐकलंय. चारशे वर्षं जंगलात आपल्यासोबत राहिलेल्या माणसाला हा प्रश्न येतो, कारण आपल्या डोक्यात ‘हबशासारखा काळा’ ही एकच ओळ बसलेली आहे.

खानापूरची सून

लोंढ्याच्या दादा, हे मला माहीत असूनही असं कधी जोडून बघितलं नव्हतं. आमच्या तालुक्यातली गोष्ट आहे ही.

मग सरळ विचारते, ‘निग्रो’ पण गेला ना? आमच्या शाळेच्या भूगोलात होता.

शहापूरकर

गेला. जुन्या पुस्तकात तो त्या काळचा शब्द म्हणून वाचायचा. आज लिहिताना ‘आफ्रिकी वंशाचा’ किंवा ‘कृष्णवर्णीय’. त्यातही माणूस जमैकाचा आहे हे माहीत असेल तर ‘जमैकन’ म्हणावं, ते सगळ्यांत नेमकं.

आता सीमाभागाच्या जिव्हाळ्याचा एक शब्द, ‘धेडगुजरी’. पुण्याकडचा माणूस आपलं बोलणं ऐकतो, त्यात कानडी हेल आणि “की हो” ऐकतो, आणि म्हणतो, “बेळगावचं मराठी म्हणजे धेडगुजरी.” आपल्याला राग येतो, आणि यायलाच हवा. पण त्या शब्दात आणखी एक घाव आहे तो आपण बघत नाही. ‘धेड’ हे दलित जातीला हिणवून म्हटलेलं नाव. भेसळ दाखवायला मराठीनं एका जातीचं नाव वापरलं. ‘बेरड’चंही तसंच. बेरड हा आपल्या जिल्ह्यातला समाज आहे, आणि आपण कोडग्या माणसाला ‘बेरड’ म्हणतो. आपल्या भाषेला कुणी भेसळ म्हटलं की आपल्याला लागतं, तर माणसाला भेसळ म्हटल्यावर त्याला काय लागत असेल हे आपल्या भागात तरी समजावून सांगावं लागू नये. इथं प्रत्येक गल्लीत मराठी बाप आणि कानडी आई, कोकणी आजी आणि मराठी सून असं घर आहे. त्या घरांतल्या पोरांनीही “हा निम्मा कानडी” ऐकलेलं आहे, आणि तेही १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी माणसांचा काळा दिन, जवळ आला की जरा जोरात.

निपाणीकर

हे मात्र खरं. माझी आई अथणीची, माहेरची बोली कन्नड. शाळेत मला ‘कानडाप्पा’ म्हणायचे, माझ्याच वर्गातली पोरं. त्यावर मी कधी हसलो नाही. हायब्रीडचं माझं म्हणणं मागं घेतो असं नाही, पण माणसाकडं बोट दाखवून म्हणायचा तो शब्द नव्हे, हे कबूल.

शहापूरकर

ताईंच्या मुख्य प्रश्नाकडं येतो. सांगायची वेळ आली तर ‘मिश्र वंशाचा’ म्हणा. ‘मिश्र’ला मराठीत कुठंही डाग नाही. धारवाड-बेळगावच्या मैफलीत मिश्र पिलू, मिश्र खमाज गायला जातो, आणि त्याला कुणी कमी प्रतीचा राग म्हणत नाही. सुधारकांनी आंतरजातीय लग्नाला ‘मिश्रविवाह’ म्हटलं तेही मानानं. ‘द्विवंशीय’ असा शब्द कुणी सुचवतात, पण तो तोंडात बसत नाही आणि पुन्हा मोजायला लावतो.

पण त्याच्याही आधी विचारा, सांगायची वेळ खरंच आली आहे का? दवाखान्यात आली असेल, एखाद्या अर्जात आली असेल. साखरपुड्यात कशाला? तिथं तो “नणंदेचा मुलगा, इंग्लंडहून आलाय” एवढाच आहे. कुणी खोदून विचारलंच तर “त्याची आई आमच्या खानापूरची, वडील जमैकन घरातले.” दोन्ही बाजू पुऱ्या सांगायच्या, कुणाचाही निम्मा करायचा नाही. आणि घारे डोळे किंवा गोरा रंग बघून “आजी गोव्याला गेली होती काय” असली जी थट्टा आपल्याकडं चालते, तीही याच मापातली आहे. ती त्या आजीवर चिखल उडवते.

काकूंना सांगताना ‘अपमान’ शब्द वापरू नका, त्या दुखावतील आणि ऐकणार नाहीत. “काकू, क्रॉस आपण गाईला म्हणतो, पोराला कळतं सगळं,” एवढं पुरे. भाच्यालाही खरंच सांगा. काकूंनी तुझ्यासाठी चुकीचा शब्द वापरला, तो माणसांसाठी नसतो. नऊ वर्षांच्या मुलाला हे समजतं. “काही नाही रे” म्हटलं तर तो ते दुसऱ्या कुणाला तरी विचारेल.

खानापूरची सून

आज व्हिडिओ कॉल आहे त्याच्याशी, सांगते. काकूंकडं मी एकटी नाही जाणार, सासूबाईंना घेऊन जाईन. त्यांनी वरचं सगळं वाचलं, ‘अक्करमाशी’वर बराच वेळ बोलल्या. त्यांच्या माहेरच्या गावात एक म्हातारा होता, त्याला शेवटपर्यंत सगळे त्याच नावानं हाक मारायचे. खरं नाव त्यांनाही आठवलं नाही.

लोंढ्याचा

एक शेवटचं, लिहिण्याबद्दल. ‘सिद्दी’ की ‘शिद्दी’? आणि मुलाच्या इतिहासाच्या वहीत ‘जंजिऱ्याचा हबशी’ आहे, ते बदलायचं का?

शहापूरकर

बखरीतलं किंवा जुन्या पत्रातलं वाक्य उतरवून घेताना ‘हबशी’, ‘शिद्दी’ जसं आहे तसं ठेवा, अवतरणात. मुलगा स्वतःच्या वाक्यात लिहील तेव्हा ‘जंजिऱ्याचा सिद्दी’. आपल्या तालुक्यातला समाज स्वतःला सिद्दी म्हणतो, सरकारी कागदावरही तेच आहे, त्यामुळं ‘स’ च.