विहिरीवरच्या स्टार्टरची भीती गेली होती, घरच्या कुलरनं परत आणली

चोपड्याचा केळीवाला:
मागच्या पावसाळ्यात मोटर चालू करताना आप्पांना स्टार्टरच्या पेटीचा जबर शॉक बसला. नंतर पेटीचा ‘खट्’ आवाज आला तरी दचकायचे, तळहाताला घाम सुटायचा. पेटी बदलली, अर्थिंग नवं केलं. आधी मी बटण दाबायचो, ते बांधावर उभे राहायचे. मग हळूहळू स्वतः दाबू लागले. हिवाळ्यात रात्रीच्या लाईटीला एकटे जायचे. आता मे महिन्यात लोखंडी कुलरचा बारीकसा झटका बसला आणि विहिरीवरची भीती जशीच्या तशी परत. भाऊबंद म्हणतात, आप्पांनी हाय खाल्ली. सगळं मुसळ केरात गेलं का?

मानसशास्त्राची शिक्षिका, जळगाव:
दादा, अजिबात नाही. भीती जाते तेव्हा ती पुसली जात नाही. ‘खट् म्हणजे शॉक’ हे आप्पा आधी शिकले, ‘खट् झालं तरी काही होत नाही’ हे नंतर. दोन्ही डोक्यात राहतात. दुसरं पहिल्याला दाबून धरतं. पण हे दुसरं शिकणं जागेला फार चिकटून असतं. जागा बदलली, मध्ये खंड पडला किंवा नवा झटका बसला की पहिलं उसळून वर येतं.

१९२४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती बरीच कमी केली होती. मध्येच त्याला स्कार्लेट फीव्हर झाला. दवाखान्यातून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सशाची भीती पुन्हा पहिल्याइतकी! घाबरवलं कुत्र्यानं, भीती आली सशाची. तुमच्या कुलरचं तेच झालंय. जोन्सबाईंनी परत सुरुवात केली: पीटर आवडीचं खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी तो सशाला आपली बोटं कुरतडू द्यायचा.

आप्पांनाही पुन्हा तसंच न्या. फक्त या वेळी एकाच विहिरीवर थांबू नका. शेजारच्या मळ्यातली पेटी, सकाळी, रात्री, तुम्ही सोबत असताना आणि नसतानाही.

वायरमन, यावल:
आधी कुलरचा प्लग काढा. बॉडीत करंट उतरतोय. अर्थिंग तपासून घ्या, आरसीसीबी (करंट गळाला की लाईट आपोआप तोडणारा स्विच) बसवा, कुलर चालू असताना पाणी भरू नका. आणि हे सगळं आप्पांच्या समोर करा, त्यांना दिसू द्या.

चोपड्याचा केळीवाला:
कुलर दुरुस्तीला दिला. पण माय म्हणते, “त्यास्ले आते वावरमा जाऊच नको देऊ.”

मानसशास्त्राची शिक्षिका, जळगाव:
मायचा जीव तुटतो, समजतं. पण टाळत राहिले तर ‘काही होत नाही’ हे कळायची संधीच मिळणार नाही आणि भीती तशीच राहील. झोप उडाली, जेवण सुटलं, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, वाट पाहू नका.