रोजगाराला गेलेले दिवस : तुमचे अनुभव लिहा

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडं शेतमजुरी असं कोण म्हणत नाही, 'रोजगाराला गेलीया' म्हणतात. जे गेलेत त्यांनी लिहा, ज्यांच्या शेतात माणसं येतात त्यांनीपण लिहा. शुद्धलेखन बघणार नाही.

*

निपाणीजवळ गाव आमचं. दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर तंबाखूचं शेंडं खुडायला गेलो, सकाळचं पानावर दव, तासाभरात बाह्या भिजल्या आणि दहाच्या सुमाराला गरगरायला लागलं ते बांधावर जाऊन भडाभडा ओकलो. बायका हसल्या, तंबाखू लागली बघ पोराला म्हणून. पुढं कॉलेजात कळलं की ओल्या पानातलं निकोटीन कातडीतनं अंगात जातंय, तोंडात घालायलाच पाहिजे असं नाही. खरं जास्त लक्षात राहिली ती बोटं. चिकानं काळी, मातीनं घासली, साबणानं घासली, तरी भाकरी कडूच. आई न्ह्यारीला भाकरी फडक्यात धरून खायची, हात न लावता. मला वाटायचं ही काय नवीन पद्धत. त्यादिवशी कळलं.

*

खानापूर. भाताची रोप लावण आता गुत्त्यानं, म्हणजे रोजावर नाही, एकरावर ठरवायचं. लवकर उरकावं म्हणून बायका कंबर सरळ करत नाहीत. रोजावर निदान पान खायला तरी उभं राहता यायचं, असं मावशी म्हणते. पोरं सगळी गोव्याला.

*

मी मालकाच्या बाजूनं लिहितो, शिव्या घाला. अथणी तालुका, ऊस. चुलत्याच्या ट्रॅक्टरवर ऊसतोडीची टोळी आणतो म्हणून एका मुकादमानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली आणि टोळी आलीच नाही, फोन बंद, तो राग घरात अजून आहे. खरं त्याआधीच्या साली बीडची टोळी आमच्या फडात होती. नवराबायको मिळून एक कोयता, हिशेब टनावर. रात्री दोनला ट्रॉली भरायला आली की उठायचं. एक बाई पोराला पाचटात झोपवून मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं वर चढायची, मान हलवता येत नव्हती, डोळे तेवढे पोराकडं. मजुरी सगळी उचलीत वळती व्हायची, वाढं, म्हणजे उसाचं हिरवं शेंडं, विकून येतील तेवढेच रोख पैसे हातात. त्या वाढ्यालापण आम्ही घासाघीस करायचो. मीच केलीय.

*

माझं माहेर कागलकडं, महाराष्ट्रात, सासर निपाणीला, कर्नाटकात. २०२४-२५ ला उद्योग खात्रीचा, म्हणजे इकडच्या रोजगार हमीचा, रोज ३४९ रुपये, माहेरी रोजगार हमीला २९७. आई म्हणाली बघ, पोरगी चांगल्या ठिकाणी दिली! खरं शेतात दोन्हीकडं बाईला गड्यापेक्षा कमीच. विचारलं तर म्हणे गडी ओझी उचलतात. मग डोक्यावरनं वैरणीचे भारे कोण आणतंय, त्यांची आज्जी?

*

बेळगाव तालुका, रताळी काढायला जायची आमची आजी. पूर्वी तिला पाणी वरनं ओतायचे, ओंजळीत. आता माणसं मिळत नाहीत तर मालकीण स्वतः स्कूटीवरनं न्यायला येते, आक्का आक्का करते, थंडगार पाण्याची बाटली देते. मागच्या साली आजी बाटली परत द्यायला गेली तर म्हणाली राहू दे की, घेऊन जा घरी. आजीला केवढं कौतुक, गल्लीभर सांगत सुटली. मी काय बोललो नाही. बाटली हाय अजून, टोपणाला भोकं पाडलीत, कोथिंबिरीला पाणी घालायला.