एकच काळापांढरा फोटो, २२ वर्षांचा जवान. छातीवर मेडलं रंगवू का?

कुंचला_सातारा:
एरवी मी लग्नाच्या, वाढदिवसाच्या ऑर्डरी घेतो, तैलरंगात. हे काम मात्र अडलंय. गावच्या एका आजींचे मालक १ मराठा लाइट इन्फन्ट्रीत, जंगी पलटणीत होते. डिसेंबर १९७१, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत गेले. ते २२ चे, आजी १९ च्या. आता आजींना दोघांचं जोडीनं चित्र हवंय.

फोटो एकच. बेळगावला कसम परेड (ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड) झाल्यावर स्टुडिओत काढलेला, डावा कान बुरशीनं खाल्लाय. पुतण्या म्हणतो, छातीवर मेडलं काढा, भारी दिसेल. आजी म्हणाल्या, "माझ्या कपाळाला कुकू काढ." पुतण्या गप्पच झाला. त्यात दोघं शेजारी काढले तर आजी-नातू वाटतील. आजींना तरुण करू? त्यांचा त्या वयाचा फोटोच नाही.

माजी_सुभेदार:
मेडलं नका काढू. 'पूर्वी स्टार' काय, 'संग्राम मेडल' काय, ७१ च्या लढाईची ही मेडलं लढाईनंतर निघाली. त्या पोरानं ती बघितलीच नाहीत. कसम परेडचा रंगरूट म्हणजे कोरी छाती. मेडलं आजींच्या पदरावर लावा, पण उजवीकडं. ज्यानं कमावली तो डावीकडं लावतो, घरचे उजवीकडं. आणि घरात काळी ट्रंक असेल ती बघा, पांढऱ्या रंगात नंबर, नाव घातलेली.

जलरंगवाला:
फोटोवरून कातडीचा रंग ठरवू नका, मेणाचा पुतळा होतो. पुतण्याला उन्हात बसवा. कानही त्याचाच बघा, उजवा कान उलटवून डावीकडं चिकटवू नका. आजी आहेत तशाच काढा.

फौजीची_लेक:
कुंकवाचं पुतण्याला विचारायचंच कशाला? २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. माझ्या आईनं तरीही वर्षभर टिकली लावायला घेतली की आधी दार लोटलं.

कुंचला_सातारा:
काल गेलो होतो. ट्रंक माळ्यावर निघाली. अक्षर त्यांचंच, आडनाव मावेना म्हणून शेवटचं अक्षर खाली उतरवलंय. आत 'मार्फत ५६ एपीओ' (फौजेच्या टपालाचा पत्ता) लिहिलेली पाकिटं. ती आजींनी मला दाखवली, वाचायला दिली नाहीत. बरोबरच आहे.

आता आजी ट्रंकेवर बसलेल्या, उजवीकडं दोन मेडलं. ते मागं उभे, स्टुडिओतल्या फोटोत आहेत तसे, कोऱ्या छातीचे. पुतण्याला आजींनी दूध आणायला पिटाळलं आणि करंडा काढला. "नुसतं चितरात नको, लावूनच बसते." अडीच तास बसल्या. तो आल्यावरही पुसलं नाही.

एकच अडचण आहे. कुंकवाला कॅडमियम रेड भगवं मारतंय, अलिझरिन काही वर्षांनी उडतं. तुम्ही काय वापरता?

जलरंगवाला:
क्विनाक्रिडोन घ्या, त्यात चिमूटभर कॅडमियम. पातळ थर, दोनदा.