मदत हवी आहे: लुईबर्ग देऊन मद्रास घेतलं, हे कितपत खरं?

मंडळी, अमेरिकेतल्या इंग्रज-फ्रेंच लढायांवर वाचतोय आणि एका जागी अडलोय. 1745 मध्ये न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या इंग्रज वसाहती) हौशी फौजेने आजच्या कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरचा फ्रेंचांचा लुईबर्ग किल्ला घेतला. सेनापती विल्यम पेपरेल, मूळचा व्यापारी! दलदलीत तोफा रुतायला लागल्या तेव्हा लाकडी घसरगाड्या बनवून माणसांनीच त्या ओढल्या. फ्रेंचांनी कानांत (बत्ती द्यायच्या छिद्रांत) खिळे ठोकून सोडलेल्या तोफाही दुरुस्त करून किल्ल्यावरच डागल्या. (समुद्रात इंग्रज नौदल अधिकारी वॉरेनचं आरमार होतं, ते विसरायला नको.)

पुढच्या वर्षी इकडे भारतात फ्रेंच आरमाराचा प्रमुख ला बूर्दोने याने इंग्रजांचं मद्रास घेतलं. 1748 च्या तहात लुईबर्ग फ्रेंचांना परत, मद्रास इंग्रजांना परत. न्यू इंग्लंडवाले भडकले, आणि भडकणारच.

प्रश्न असा: हा सौदा मुख्यतः मद्राससाठी होता, की फ्रेंचांनी व्यापलेला आजच्या बेल्जियमचा मुलूख सोडवण्यासाठी? मला दुसरं जास्त पटतं. समोरच्या किनाऱ्यावर फ्रेंच बसले असते तर लंडनची झोपच उडाली असती. या वाटाघाटींवर नीट लिहिलेलं काही कुणी सुचवेल का? मराठीत असेल तर फारच उत्तम.