‘शाळा काढा, ३ वर्षांत पैसे वसूल’ म्हणणाऱ्यांनो, माझ्या बाल्कनीतल्या ४० खुर्च्या घेऊन जा

घणसोली_रोहाऊस

काल सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. सूटबूटवाला माणूस हाताची घडी घालून उभा आणि खाली मजकूर, की विमानतळ झाला, उलवे-पनवेलकडे वस्ती वाढतेय, ५० लाख टाका, शाळा काढा, फी आगाऊ येते, या धंद्यात मंदी नाही, ३ वर्षांत पैसे वसूल. आमच्याच विंगच्या तिघांनी अंगठे दाखवले, एकाने तर ‘इंटरेस्टेड’ म्हणून नंबरही टाकला. रात्रभर डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

आम्ही तिघा मित्रांनी हे करून बघितलंय. ट्रस्ट केला, घणसोलीत रो हाऊस भाड्याने घेतलं आणि २०१७ च्या जूनमध्ये नर्सरी ते सिनियर सुरू केलं. पहिल्या वर्षी ३८ मुलं, फी ३२ हजार, म्हणजे १२ लाख १६ हजार, तेही सगळ्यांनी भरली तर. आता खर्च बघा. भाडं महिना ९० हजार, पाच टीचर प्रत्येकी १५ हजार, दोन मावशी ९-९ हजार, वॉचमन १२ हजार. वर्षाचे झाले २३ लाख ४० हजार. लाईट बिल, रंगरंगोटी, गॅदरिंगचा मांडव यात धरलेलंच नाही.

पण आम्हाला पैशाने नाही मारलं, ‘पहिलीचं काय?’ या प्रश्नाने मारलं. नर्सरीची चौकशी करायला आलेला प्रत्येक पालक चप्पल काढता काढता हेच विचारायचा. बालवर्गाला तेव्हा कोणी काही विचारत नव्हतं, शॉप अ‍ॅक्टवर सुद्धा चालायचे. पहिली काढायची तर २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा, जागा नावावर नाहीतर रजिस्टर्ड लाँग लीज, वर आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्याचे) निकष, मैदान, रॅम्प, मुलामुलींची वेगळी टॉयलेट, आणि फायरची एनओसी. रो हाऊसला जिना एकच, तोही वळणाचा. फायरचे साहेब आले, जिन्यात कमरेवर हात ठेवून उभे राहिले तर दोन्ही कोपरं भिंतींना टेकली. म्हणाले, ‘तुम्हीच बघा.’ त्यांचं काय चुकलं? तामिळनाडूत कुंभकोणमला २००४ मध्ये ९४ पोरं आगीत गेली ती अशाच चिंचोळ्या शाळेत.

म्हणजे पहिली नाही म्हणून मुलं येत नाहीत, मुलं नाहीत म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून जागा नाही, आणि जागा नाही म्हणून पहिली नाही. तिसऱ्या वर्षी सिनियरला ६ मुलं उरली, बाकीची मोठ्या शाळांनी आधीच उचलली. डिसेंबर २०१९ मध्ये घरमालकाला नोटीस दिली. पोरांच्या ४० निळ्या खुर्च्या अजून बाल्कनीत आहेत, आई त्यांच्यावर कोरफडीच्या कुंड्या ठेवते.

आणि जे ‘वसूल’ करतात ते कसं करतात तेही ऐका. ट्रस्टला नफा वाटून घेता येत नाही, म्हणून इमारत बायकोच्या कंपनीची, ट्रस्ट तिला भाडं भरणार, वह्या-युनिफॉर्म मेव्हण्याच्या दुकानातून, बस भाच्याच्या. ज्यांना हे जमतं त्यांनी खुशाल करावं, फक्त त्याला विद्यादान म्हणू नये.

सल्लागार_ठाणे

वाईट वाटलं वाचून, पण भाऊ, तुम्ही घोड्याच्या पुढे गाडी बांधलीत आणि आता घोड्याला शिव्या देताय. आधी जागा, मग ट्रस्ट नाहीतर सेक्शन ८ म्हणजे ना-नफा कंपनी, मग सरकारचं इरादापत्र, मग इमारत आणि अंतिम मान्यता, मग यू-डायस म्हणजे शाळेचा सरकारी ओळख नंबर. सीबीएसई हवं तर त्यांच्या सारस पोर्टलवर अर्ज, वर्ग किमान ५०० चौरस फुटांचा. हे सगळं छापील आहे. तुम्ही भाड्याच्या रो हाऊसमध्ये झोके टांगलेत आणि पहिली उगवायची वाट बघत बसलात.

दुसरं, वरकड पैसा म्हणजे पाप नाही. टीएमए पै या खाजगी शिक्षणसंस्थांच्या खटल्यात २००२ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वाजवी शिल्लक ठेवा, नफेखोरी आणि कॅपिटेशन, म्हणजे प्रवेशासाठी फीवर घेतलेले पैसे, नको. शाळेने तोट्यातच चालायचं का? आणि तिसरं, तुम्हाला कोविडने वाचवलं, नाहीतर अजून दोन वर्षं ओढली असती.

घणसोली_रोहाऊस

कोविडच्या तीन महिने आधी बंद केली, नीट वाचा. आणि ‘आधी जागा’ म्हणणं सोपं आहे हो, नवी मुंबईत शाळेचा प्लॉट म्हणजे सिडकोचं टेंडर, आमच्यासारख्या तीन पगारदारांनी ते भरायचं कशाने, पीएफने? क्रम चुकला हे मान्य. तुमच्याकडून शिकलो असतो, पण तुमची फी आमच्या वर्षाच्या भाड्याएवढी असणार.

माजी_टीचर

टीचर १५ हजार. ही ओळ सगळ्यांनी वाचली आणि कोणाला काहीच वाटलं नाही, ना दादा? बीएड, ११ वर्षांचा अनुभव, आणि माझ्याआधी भाडं येतं तुमच्या हिशोबात.

मी ज्या शाळेत होते तिथे खात्यावर २८ हजार यायचे. ८ तारखेला एटीएममधून १२ काढायचे आणि खाकी पाकिटात घालून ऑफिसमध्ये द्यायचे. पाकिटावर नाव लिहायचं नाही, कोपऱ्यात पेन्सिलने फक्त वर्ग आणि तुकडी. मी ‘४ ब’. कागदोपत्री सगळं कायदेशीर. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा १९७७ चा आहे, तो विनाअनुदानितलाही लागतो, पण ट्रिब्युनलला जाणार कोण, जाईल तिला जूनमध्ये वर्गच मिळत नाही. तुमच्या वसुलीचं रहस्य मेव्हण्याच्या दुकानात नाही, त्या पाकिटात आहे.

घणसोली_रोहाऊस

ताई, १५ म्हणजे १५ द्यायचो, परत काही घेतलं नाही. पण कमी होते हे खरं आहे. शेवटचे दोन महिने तर तेही तुकड्यातुकड्याने दिलेत. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मराठी_बाणा_डोंबिवलीकर

मूळ चूक कोणी बोलत नाही. इंग्रजी माध्यम काढलंत म्हणून आपटलात. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत काढली, लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी मंगळसूत्र विकलं. मराठी शाळा काढली असतीत तर समाज उभा राहिला असता.

माजी_टीचर

तुमची मुलं कुठल्या माध्यमात आहेत हो?

मराठी_बाणा_डोंबिवलीकर

तो विषय वेगळा आहे. बायकोचा आग्रह होता.

नेरुळ_लेगस्पिन

शाळा चालो नाहीतर बुडो, मला एकच विचारायचंय. मैदानाचं काय? सिडकोने शाळांना प्लॉट देताना बाजूची मैदानं दिली, ती लिव्ह लायसन्सवर, शाळा सुटल्यावर लोकांना खुली ठेवायच्या अटीवर. आमच्या इथल्या मैदानाच्या कराराची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे, अट पांढऱ्यावर काळ्यात आहे. प्रत्यक्षात गेटला हे एवढं कुलूप, आणि रविवारी आत कसलीतरी पेड अकॅडमी, महिना तीन हजार. आमची पोरं रस्त्यावर दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मध्ये खेळतात, फोर मारली की अलार्म वाजतो.

सल्लागार_ठाणे

विषय काय, तुम्ही बोलताय काय.

नेरुळ_लेगस्पिन

विषय हाच आहे साहेब. सवलतीत जागा घ्यायची ती पब्लिकच्या नावावर, आणि नंतर पब्लिक म्हणजे कोण रे. तुमच्या ‘वाजवी शिल्लक’मध्ये अकॅडमीचे तीन हजार धरलेत का?

एक_विश्वस्त

मी एका छोट्या ट्रस्टवर आहे, शाळेचं नाव सांगणार नाही. मैदानाबद्दल ऐकून ऐकून कान किटले म्हणून बोलतो. आम्ही २०१५ पर्यंत गेट उघडं ठेवायचो. काय मिळालं? सोमवारी सकाळी शिपाई आधी बाटल्या वेचायचा, मग प्रार्थना. बास्केटबॉलची रिंग कापून नेली. आणि एका मे महिन्यात बाहेरचा एक मुलगा गोलपोस्टवर चढला, पोस्ट आडवी झाली, हात दोन ठिकाणी मोडला. वडील सरळ पोलीस स्टेशनला. मी आणि हेडबाई रात्री साडेअकरापर्यंत बाकावर. हवालदार म्हणतो ‘गेट उघडं का ठेवलं?’ तुम्ही म्हणता ‘बंद का ठेवलं?’ आता सांगा कोणाचं ऐकू.

नेरुळ_लेगस्पिन

गोलपोस्ट जमिनीत गाडली नव्हती ना? म्हणजे तुमची पोरं शाळेच्या वेळात चढली असती तर चाललं असतं का? दोष पोस्टचा, शिक्षा आम्हाला.

एक_विश्वस्त

तुम्ही वकील आहात का हो.

नेरुळ_लेगस्पिन

नाही, लेगस्पिनर. चेंडू कुठे पडतो तेवढं बघतो.

आरटीईवाला_बाप

मैदानाचं बोलणारे निदान गेटपर्यंत तरी पोचले. मी रिक्षा चालवतो ठाण्यात. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने काढलं की जवळ एक किलोमीटरवर सरकारी नाहीतर अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला आरटीईच्या, म्हणजे गरिबांच्या पोरांसाठीच्या, २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. मे मध्ये हायकोर्टाने स्थगिती दिली, १९ जुलैला ते रद्दच केलं. तोपर्यंत इकडे शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. पोरगी रोज नवीन दप्तर पाठीला लावून घरात फिरायची, बाजूच्या बिल्डिंगची पोरं बसमध्ये चढताना खिडकीतून बघायची. शेवटी तिचा नंबर लागला. त्या शाळेत क्लार्कने पहिल्या दिवशी विचारलं, ‘फुकटवाले का?’ हे असं आहे. तुमच्या शाळेत आरटीईची किती होती घणसोलीकर?

घणसोली_रोहाऊस

दादा, मान्यताच नव्हती त्यामुळे एकही नाही. क्लार्कबद्दल वाचून लाज वाटली, बाकी काय बोलू.

एक_विश्वस्त

क्लार्क चुकला, शंभर टक्के. पण एक बाजू ऐका. एका मुलामागे सरकार वर्षाला १७,६७० रुपये देणार असं ठरलंय. ते कधी येतात? आमचे मागच्या मागच्या वर्षाचे अजून यायचेत. तो खड्डा बाकीच्या पालकांच्या फीतून भरतो, मग ते पीटीएत (पालक-शिक्षक संघात) आमचे कपडे फाडतात.

आरटीईवाला_बाप

सरकारकडे मागा ना मग. माझ्या पोरीकडे का बघता?

माजी_टीचर

+१. आणि फी वाढली म्हणून टीचरचा पगार वाढला असं मी तरी एकदाही बघितलं नाही.

सल्लागार_ठाणे

सगळे भावनिक झालेत. कोणी प्रॅक्टिकल बोलेल का? मागणी आहे म्हणूनच शाळा निघतात. ठाणे महापालिका दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी काढते, दिवा भागातल्या किती असतात बघा. आरटीईप्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, तरी चालवली तर रोज दहा हजार, तरी लोक घालतातच मुलं. कारण जवळ दुसरी शाळा नाही. तुम्ही सगळे मिळून चांगल्या माणसाला घाबरवताय, मग दिव्यासारख्या ठिकाणी पत्र्याच्या शेडवालाच उरतो.

घणसोली_रोहाऊस

हे मात्र पटलं, आणि ते तुमच्याकडून पटावं याचा त्रास होतोय. मी चांगल्या माणसाला घाबरवत नाहीये, अंगठे दाखवणाऱ्या तिघांना घाबरवतोय. ज्याच्याकडे जागा आहे आणि पाच वर्षं अर्धे वर्ग रिकामे ठेवायची ऐपत आहे त्याने जरूर काढावी. ५० लाखात तीन वर्षांत म्हणणारा एकतर खोटं बोलतोय नाहीतर माजी टीचर ताईंचं पाकीट मोजतोय.

सल्लागार_ठाणे

५० लाखात होत नाही हे मी पण म्हणतो. कोणी विचारलंच नाही.

नेरुळ_लेगस्पिन

तुमचं मिटलं असेल तर विश्वस्त साहेब, करार. अट. कुलूप.

एक_विश्वस्त

तुम्ही सोडणार नाही.

नेरुळ_लेगस्पिन

तुम्ही नेरुळचे आहात हे मी ओळखलंय. ती रिंग कापून नेली तेव्हा मी समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत होतो, १०० नंबरला फोन पण मीच लावला होता.

एक_विश्वस्त

तो फोन तुमचा होता? बरं. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये विषय घेतो, पण वचन देत नाही. दुसऱ्या विश्वस्तांना अकॅडमीचे पैसे सुटत नाहीत, हे इथे लिहिलंय म्हणून शिव्या खाणार. मीटिंग होईपर्यंत माझ्या जबाबदारीवर रविवारी सकाळी ६ ते ८, अकॅडमी यायच्या आत. रजिस्टरमध्ये नाव-नंबर लिहायचा. टेनिस बॉल. सीझन बॉल दिसला की गेट बंद.

नेरुळ_लेगस्पिन

टेनिस बॉलने लेगस्पिन होत नाही.

एक_विश्वस्त

मग ऑफस्पिन टाका.

नेरुळ_लेगस्पिन

पाणी?

एक_विश्वस्त

घरून आणा. बाटल्या परत न्या.

घणसोली_रोहाऊस

माझ्या धाग्यावर माझ्याशिवाय सगळ्यांचं काम झालं. खुर्च्या कोणाला हव्यात का? ४० होत्या, आईने दोन ठेवून घेतल्यात, ३८ देतो. फुकट. टेम्पो तुमचा.

आरटीईवाला_बाप

आमच्या चाळीत एक ताई संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेतात, सतरंजीवर बसवून. १२ द्या. रिक्षात तीन खेपा होतील.