मागचा लाल रिफ्लेक्टर चालकाला नेमका कधी दिसतो?

धायरीकर (प्रश्न)
मी रात्री साडेनऊच्या सुमारास सिंहगड रस्त्याने सायकलवरून घरी परततो. मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर कितपत कामाचा आहे हे पाहावे म्हणून परवा गल्लीत सायकल उभी केली आणि तीस पावलांवरून तिच्यावर विजेरीचा झोत टाकला. विजेरी कानाशी धरली तेव्हा रिफ्लेक्टर निखाऱ्यासारखा लाल दिसला. पण तीच विजेरी मुलाच्या हाती देऊन त्याला चार पावले बाजूला उभे केले, तेव्हा झोत अगदी नेमका पडत असूनही मला रिफ्लेक्टर जवळजवळ काळाच दिसला. मग मागून येणाऱ्या चालकाला तो दिसतो की नाही?

प्रयोगवही
दिसतो, कारण चालकाची विजेरीही त्याच्या डोळ्यांजवळच असते. रिफ्लेक्टरची मागची बाजू निरखून पाहिल्यास तिथे बारीक बारीक कोपरे दाटीने बसवलेले दिसतील. दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात, तसा प्रत्येक कोपरा. परस्परांशी काटकोनात असलेल्या या तीन पृष्ठांवर आपटून प्रकाश आला त्याच दिशेने माघारी जातो, मग सायकल थोडी तिरपी उभी असली तरी चालते. त्यामागे आरशासारखा मुलामा नसतो. प्लॅस्टिक आणि हवा यांच्या सीमेवर किरण लंबाशी सुमारे ४२ अंशांपेक्षा मोठा कोन करून आले की ते पूर्णपणे आत परततात. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकातही असेच १०० कोपरे आहेत.

माघारी येणारा हा प्रकाश अगदी अरुंद शंकूत पसरतो. मोटारचालकाचे डोळे दिव्यांपेक्षा साधारण ६० सेंटिमीटर उंच धरले, तर १०० मीटरवरून रिफ्लेक्टरपाशी दिवा आणि डोळा यांच्यात होणारा कोन अंशाचा जेमतेम एकतृतीयांश भरतो. आपण मुलाला उभे केलेत ते सात-आठ अंशांवर. ट्रकचालक दिव्यांपासून दीड मीटर उंच बसला असेल, तर २० मीटरवर त्याचाही कोन चार अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे जवळ आल्यावर त्याला रिफ्लेक्टर उलट मंद दिसू लागतो.

रातपाळी
वरील विवेचन मान्य, पण मी रात्री हिंजवडीहून गाडी चालवत येतो, म्हणून चालकाच्या बाजूने सांगतो. लांबून दिसणारा एकुलता एक लाल ठिपका सायकलचा आहे की रस्त्याकडेला लावलेल्या स्कूटरचा, हे पटकन उमगत नाही. पेडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर वरखाली होताना दिसले की क्षणात उमगते. मात्र गल्लीतून मुख्य रस्त्यावर वळणाऱ्या गाडीचा झोत सायकलवर पडतो तो फार उशिरा, आणि झोत पडल्याशिवाय रिफ्लेक्टर म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे सरकते, तेही ब्रेक लागण्यापूर्वी. मागे स्वतःचा दिवा हवाच.

मडगार्ड
एक गोष्ट राहिली. रिफ्लेक्टरच्या मागची टोपी तडकली आणि आत पाणी शिरले, तर वर सांगितलेले परावर्तन बिघडते आणि प्रकाश मागच्या मागे निसटतो. पंक्चर काढताना सायकल उलटी ठेवल्याने मडगार्ड वाकून रिफ्लेक्टरचे तोंड जमिनीकडे वळलेलेही मी पाहिले आहे. कॅरियरवरून लोंबणाऱ्या डब्याच्या पिशवीबद्दल तर बोलायलाच नको!

धायरीकर
सर्वांचे आभार. आज स्क्रू काढून रिफ्लेक्टर उन्हात धरला, तर आत खालच्या कडेला पाण्याची रेघ हलताना दिसली. म्हणजे कानाशी विजेरी धरून दिसलेला निखाराही निम्मा विझलेलाच होता म्हणायचा. नवा रिफ्लेक्टर बसवला आहे, त्याच्या खाली लाल दिवाही लावला आहे, आणि पिशवी आता हँडलला अडकवतो.