पेटंट ही गोष्टच मुळात बरोबर आहे का?

वेर्ण्याची_नाईटशिफ्ट
मी गोव्यात वेर्ण्याला एका फार्मा प्लांटात क्यूसीला, म्हणजे माल तपासायला आहे. फोंड्याच्या मावशीला कॅन्सरची पेटंटवाली गोळी चालू झाली, तीन महिन्यांत दोन पाटल्या मोडल्या. आणि मी रात्रभर एचपीएलसी मशीनवर तसल्याच गोळ्या तपासतो, माल कितीचा असतो याचा अंदाज आहे मला, म्हणून जास्तच डोकं फिरतं. शेजाऱ्याने आमची माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) बघून चतुर्थीला तश्शीच बांधली तर आमची माटोळी काय रिकामी होते? मग फॉर्म्युला बघून दुसऱ्याने गोळी केली तर तो चोर कसा?

रिसर्चवाला_पर्वरी
माटोळी एका रात्रीत होते रे. औषधाला दहा-बारा वर्षं जातात, त्यात बहुतेक मध्येच फेल. 20 वर्षांची मुदत मोजतात ती अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे बाजारात येईपर्यंत निम्मी संपलेली असते. पैसे परत येणार नसतील तर कोण घालेल, सरकार? 😀

बोंडू
मुदतीचं सोडा, पेटंट देतात कशाकशाला ते बघा आधी. जखमेवर हळद लावायची म्हणून 1995 ला अमेरिकेत पेटंट दिलेलं! आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, सीएसआयआरने, जुने पुरावे नेऊन दाखवले तेव्हा 1997 ला रद्द झालं, आणि तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख कोण तर आपल्या माशेलचे माशेलकर. आमची सत्तरीत फेणीची भाटी आहे, बाबा नीरो (काजूचा रस) नुसता चाखून सांगतो आज भाटी लावायची की उद्या, ते कुठल्या फॉर्मवर लिहिणार सांगा. फेणीला 2009 ला जीआय (त्या भागाच्या मालाच्या नावाचं संरक्षण) मिळाला तो बरा, एकट्याच्या नावावर नाही.

कोर्टकचेरी
बोंडू, जीआय 'फेणी' या नावापुरता असतो, बनवायच्या कृतीला नाही, दोन्ही मिसळू नका. बाकी मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं की पेटंट हा कुणाचा जन्मसिद्ध हक्क नाहीच, समाजाने केलेला सौदा आहे, आणि सौदा अंगाशी आला की अटी बदलायच्या. आपण बदलल्यात. 1970 च्या कायद्यात औषधाला पेटंटच नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीला, त्यावरच आपल्या जेनेरिक कंपन्या उभ्या राहिल्या. 2005 ला डब्ल्यूटीओमुळे (जागतिक व्यापार संघटना) ते गेलं, पण कलम 3(ड) ठेवलं, जुन्याच औषधाला थोडं वळण देऊन नवीन पेटंट नको म्हणून, त्यावरच नोव्हार्टिस कंपनी 2013 ला सुप्रीम कोर्टात हरली. आणि 2012 ला बायर कंपनीची कॅन्सरची गोळी महिन्याला 2 लाख 80 हजारांची होती, तिचं सक्तीचं लायसन्स, म्हणजे पेटंटवाल्याला न विचारता बनवायची सरकारी परवानगी, इथल्या नॅटको कंपनीला दिलं, त्यांनी 8,800 ला विकली. बायरला 6 टक्के रॉयल्टी, म्हणजे फुकट नाही नेलं कुणी.

रिसर्चवाला_पर्वरी
हो पण त्यानंतर किती दिली तशी लायसन्सं? बाकीचे अर्ज फेटाळलेच ना.

वेर्ण्याची_नाईटशिफ्ट
तेच तर. अटी कागदावर, पाटल्या मावशीच्या. तिच्या गोळीचं पेटंट 2029 ला संपतंय, काल ब्रेकमध्ये बघितलं मी. मावशी 71 ची आहे.

बोंडू
डॉक्टरना कंपनीच्या पेशंट स्कीमचं विचारलंस काय? काही गोळ्यांना असते, एकावर एक वगैरे. आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.